पत्रकारितेत एमए करायचंय, सरकारी विद्यापीठातली दोन वर्षं कामाची असतात का?

बालाघाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी अंबाजोगाईचा. यंदा बीए झालो, राज्यशास्त्र, फर्स्ट क्लास. सेकंड इयरपासून एका जिल्हा दैनिकाला बातम्या देतोय, म्हणजे तालुका प्रतिनिधीच्या हाताखाली, पाणीटंचाई, ऊसतोड मजुरांच्या उचली, ग्रामसभा, पीकविमा, जे समोर येईल ते. नाव छापून येतं, तहसीलमध्ये गेलो की खुर्ची देतात, पण बातमीचा पैसा काहीच नाही, जाहिरात आणली तर कमिशन. आणि ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याच विरोधात बातमी कशी द्यायची हे रोजचं झालंय.

मला हेच काम करायचंय पण नीट शिकून करायचंय. वडील म्हणतात बीएड कर, मामा म्हणतो पुण्याला जाऊन एमपीएससीचा अभ्यास कर. एका खासगी मीडिया इन्स्टिट्यूटवाल्यांचे फोनवर फोन येताहेत, स्टुडिओ आहे, प्लेसमेंट आहे, फी मात्र लाखांत. आमची तीन एकर कोरडवाहू, तो विषयच नाही. म्हणजे राहिली सरकारी विद्यापीठं. पुण्याचं रानडे, संभाजीनगर, नांदेड, मुंबई अशी नावं ऐकून आहे. तिथे खरंच काय शिकवतात, मराठीवाल्याचा निभाव लागतो का, आणि एमए झालं म्हणून पेपरात कोणी घेतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

डेस्कवरचा

बालाघाट, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो म्हणजे भ्रम नको. मी पुण्यात एका दैनिकात डेस्कला आहे, नवीन मुलं घेताना टेस्ट आम्हीच काढतो. डिग्री कुठली हे बायोडेटात वाचतो आणि बाजूला ठेवतो. पीटीआय या वृत्तसंस्थेची एक इंग्रजी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर देतो, तिची मराठी बातमी कर. एक पोलीस स्टेशनची प्रेसनोट देतो, सात ओळींत बसव आणि हेडिंग काढ. एखादी मुद्दाम घोळ घातलेली कॉपी देतो ज्यात आकड्यांची बेरीज जुळत नाही, नाव एकदा एक आणि पुढे दुसरंच आहे, ते सापडतं का बघतो. यात पास झाला तर पुढे बोलणं.

पण ह्याचा अर्थ एमए फुकट असा नाही. ज्यांनी दोन वर्षं मन लावून केलं ती मुलं पहिल्या महिन्यात ओळखू येतात. आरोपीला आरोपीच म्हणायचं, गुन्हेगार नाही. अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव तर नाहीच पण गाव, शाळा, नातेवाइकांचं नाव असं काहीच द्यायचं नाही जेणेकरून ओळख पटेल. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणात आपण निकाल लावायचा नाही. हे त्यांना सांगावं लागत नाही. थेट आलेल्या मुलाला हे शिकवायला डेस्कवर कोणाला वेळ नसतो, संध्याकाळी सातनंतर तर नाहीच, मग तो एखाद्या नोटिशीतून शिकतो.

तू तालुक्यात काम केलंयस ही तुझी मोठी जमेची बाजू आहे, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांनी सातबारा हातात धरलेला नसतो.

शर्वरी_के

मी रानडेची. जरा लांबलचक लिहिते कारण विषय जिव्हाळ्याचा आहे.

रानडे म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्येचा विभाग, पण विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या कॅम्पसमध्ये नाही, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत. साठच्या दशकापासूनचा विभाग. त्याच आवारात परकीय भाषांचा विभाग, त्यामुळे कट्ट्यावर एका बाजूला जर्मनचे विभक्तीप्रत्यय आणि दुसऱ्या बाजूला आम्ही कालच्या पत्रकार परिषदेवरून भांडतोय असं चालायचं. २०२१ ला हा विभाग कॅम्पसमधल्या दुसऱ्या माध्यम विभागात विलीन करायचं घाटत होतं, तेव्हा आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सगळ्या पेपरांतून लिहून आलं आणि तेव्हाचे उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत यांनी त्याला स्थगिती दिली. बाहेरच्यांना वाटलं ही जुन्या इमारतीची माया आहे. माया होतीच पण मुद्दा वेगळा होता. पत्रकारितेचा वर्ग शहराच्या मध्यात असला की दुपारी लेक्चर संपवून तुम्ही चालत महापालिकेत जाता, शिवाजीनगर कोर्टात जाता, कलेक्टर ऑफिसला जाता, गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जाऊन जुने जनगणनेचे खंड बघता. शहर हीच प्रयोगशाळा आहे, ती हाताशी पाहिजे.

आता शिकवतात काय. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली एक असाइनमेंट सांगते. आम्हाला रिपोर्टिंगला महापालिकेचं अंदाजपत्रक वाचायला लावलं. ते जाडजूड पुस्तक बघून सगळ्यांचे चेहरे पडले. सरांनी सांगितलं, बेरजा वाचू नका, तुम्ही राहता त्या भागातलं एकच काम शोधा, रस्ता, ड्रेनेज, उद्यान काहीही, आणि त्या एका कामाचे सलग तीन वर्षांचे तीन आकडे काढा. मूळ तरतूद किती, सुधारित अंदाज किती आणि प्रत्यक्ष खर्च किती. मी राहायचे त्या बाजूचं एक नाल्याच्या भिंतीचं काम मिळालं. पहिल्या वर्षी तरतूद चांगली घसघशीत, सुधारितमध्ये निम्म्यावर, खर्चाच्या रकान्यात शून्य. दुसऱ्या वर्षी परत तरतूद, परत शून्य. तिसऱ्या वर्षी ते काम यादीतूनच गायब आणि त्याच हेडखाली दुसरं काहीतरी. मग तो आकडा घेऊन वॉर्ड ऑफिसला जायचं, ज्युनिअर इंजिनिअरला विचारायचं की पैसे गेले कुठे, तो म्हणतो वर्गीकरण झालं, म्हणजे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवले. मग स्थायी समितीचा ठराव शोधायचा ज्याने ते वर्गीकरण केलं. एवढं करून बातमी झाली चारशे शब्दांची. पण त्यानंतर मला कुठल्याही अंदाजपत्रकाची भीती वाटली नाही, आणि पत्रकार परिषदेत 'एवढ्या कोटींची तरतूद केली' असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न तोंडात येतो, गेल्या वर्षीची खर्च किती झाली?

माहिती अधिकाराचंही तसंच. आमच्या वेळी पुणे महापालिकेत दर सोमवारी ३ ते ५ कुठल्याही नागरिकाला जाऊन फायली बघता यायच्या, महेश झगडे आयुक्त असताना सुरू झालेली पद्धत. आम्ही दोघी-तिघी जायचो. फाइल कशी लागते, टिपणी कुठल्या पानावर, सही कोणाची आधी आणि कोणाची नंतर, हे पुस्तकात नाही कळत. उलट्या बाजूने वाचायला सुरुवात केली की पटकन समजतं, आधी शेवटचा आदेश आणि मग मागे मागे जायचं.

मराठीवाल्याचा निभाव? माझ्या बॅचमध्ये धाराशिव, नंदुरबार, गडचिरोली इथली मुलं होती. पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेशन थिअरीचं वाचन इंग्रजीतून असतं तेव्हा दम लागतो हे खरंय. अजेंडा सेटिंग, गेटकीपिंग, टू-स्टेप फ्लो हे सगळं अमेरिकेतल्या संशोधनावरून आलेलं. पण तालुक्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर एकजण पेपर मोठ्याने वाचतो आणि दहाजण ऐकतात, तोच टू-स्टेप फ्लो. हे आमच्या वर्गात एका भूमच्या मुलाने सांगितलं आणि मग सगळ्यांना एकदम कळलं.

काळाचौकी

इतकं छान लिहिलंय की विरोध करायला जीवावर येतंय, पण कोणीतरी दुसरी बाजू मांडायला पाहिजे.

शर्वरी, तुझे सर चांगले होते म्हणून ती असाइनमेंट झाली. मी दुसऱ्या एका विद्यापीठात होतो, नाव घेत नाही. दोन कॅमेरे, त्यातला एक कपाटात आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. एडिटिंगची मशीन्स जुनी, सॉफ्टवेअर चालू व्हायलाच तास संपायचा. प्रॅक्टिकलच्या नावाखाली नोट्स उतरवून घ्यायचो. मी दुसऱ्या वर्षी वर्ग सोडून एका न्यूज पोर्टलला जाऊन बसायला लागलो आणि तिथेच शिकलो, मोबाइलवर शूट, कट, सबटायटल, व्हॉइसओव्हर, थंबनेल, सगळं एकट्याने. आज नोकरी त्याच्यावर आहे.

बालाघाटला दोन वर्षं परवडणार आहेत का हा खरा प्रश्न. घरून पैसे येणार नाहीत, पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, मेस, प्रवास. तेवढ्यात तो एखाद्या पोर्टलला किंवा चॅनेलच्या इनपुटला, म्हणजे बातम्या गोळा करणाऱ्या डेस्कला चिकटला तर दोन वर्षांचा अनुभव गाठीशी होतो. खासगी वाल्यांना सगळे शिव्या घालतात पण त्यांच्याकडे स्टुडिओ चालू असतो आणि इंटर्नशिपला फोन करणारा माणूस असतो.

मास्तरीण

मी एका राज्य विद्यापीठात याच विषयाची असिस्टंट प्रोफेसर आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला रोज दिसतात.

काळाचौकी म्हणतात ते खोटं नाही. महाराष्ट्रात विद्यापीठांतल्या पूर्णवेळ शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. तासाला मानधन, तेही वेळेवर नाही, अशा माणसाकडून तुम्ही संध्याकाळी थांबून मुलांची कॉपी तपासायची अपेक्षा कशी करणार? तरी माझे कितीतरी सहकारी ते करतात. मला या गोष्टीचा मनापासून राग आहे कारण पत्रकारिता हा विषय ओळीओळीवर लाल पेन फिरल्याशिवाय शिकवता येत नाही, आणि त्याला माणूस लागतो.

म्हणून बालाघाट, नावावर जाऊ नकोस. विद्यापीठ मोठं असलं तरी विभाग लहान असू शकतो आणि उलटही. फॉर्म भरायच्या आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन ये. पूर्णवेळ शिक्षक किती आणि त्यातले बातमीदारी केलेले किती हे विचार. विभागाचा स्वतःचा प्रायोगिक अंक निघतो का, असेल तर शेवटचा अंक मागून घे आणि त्यावरची तारीख बघ. त्यावरून सगळं कळतं. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का तेही विचार. आणि दुसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठ, त्यांच्यासोबत चहा घे, ती खरं सांगतील.

अभ्यासक्रमाचं म्हणशील तर २०२३-२४ पासून राज्यात पदव्युत्तरला नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. दोन वर्षं, चार सेमिस्टर, एकूण ८८ क्रेडिट. त्यात रिसर्च मेथडॉलॉजी ४ क्रेडिट सगळ्यांना सक्तीची, आणि ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट ४ क्रेडिटचा. हे ओजेटी लई महत्त्वाचं. काही मुलं ओळखीच्या माणसाकडून सर्टिफिकेट आणून मोकळी होतात आणि काही मुलं त्याच ओजेटीत आकाशवाणीच्या किंवा दैनिकाच्या टीममध्ये जाऊन बसतात, तिथूनच पुढची नोकरी लागते. विभाग तुम्हाला पत्र देतो, दार तुम्हाला ठोठवावं लागतं.

आणि मीडिया लॉ चा पेपर जीव लावून कर. कायदे सध्या भराभर बदललेत. १८६७ चा जुना प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अ‍ॅक्ट गेला, त्याच्या जागी २०२३ चा नवीन कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला. बदनामीचं आयपीसी ४९९-५०० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ झालं. जुने नोट्स घेऊन बसलात तर ह्यातलं काहीच मिळणार नाही.

विदर्भवारा

पुण्या-मुंबईच्या पुढे कोणी येतच नाही म्हणून लिहितो. आपल्या इकडे नागपूरला पत्रकारितेचं शिक्षण पुण्याच्याही आधीचं हाये. १९५२ साली हिस्लॉप कॉलेजात जर्नालिझमचा विभाग निघाला, अमेरिकेच्या सिराक्यूज युनिव्हर्सिटीचे रोलंड वुल्सली इथे येऊन शिकवून गेले. त्याच्याही आधी लाहोरला १९४१ मध्ये पृथ्वीपाल सिंगांनी पंजाब विद्यापीठात विभाग काढला होता, तो फाळणीनंतर भारतात आला. म्हणजे पत्रकारिता कॉलेजात शिकवायची की नाही हा वाद काही आजचा नाही.

आता कामाचं. नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा सगळं मंत्रालय इकडे येते, मोर्चे टेकडी रोडवर येतात, त्या दिवसांत शिकणाऱ्या पोराला जे बघायला भेटतं ते वर्षभराच्या लेक्चरात नाही. वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, केंद्रीय विद्यापीठ, तिथे जनसंचारमध्ये एमए हिंदीतून होते. आणि अमरावतीला आयआयएमसी, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन. दिल्लीच्या आयआयएमसीचं केंद्र, माहिती व प्रसारण मंत्रालयाची संस्था, १९६५ पासूनची. अमरावतीत मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा आहे, एका वर्षाचा. बालाघाटभाऊ, तुमच्यासाठी हा विचार करण्यासारखा आहे, दोन वर्षांच्या जागी एक. पण डिप्लोमावर प्राध्यापकीसाठीची नेट-सेट परीक्षा देता येत नाही हे ध्यानात ठेवा.

बालाघाट

बापरे, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

काळाचौकी दादा, तुमचं म्हणणं पटतंय पण एक सांगू का, इथे राहून जो अनुभव मिळतोय तो तोच तोच आहे. गेल्या वर्षी टँकरच्या खेपांवर बातमी केली, गावात टँकर दोन येतात आणि कागदावर चार असं लोक सांगत होते. मी लोकांचं म्हणणं लिहिलं, अधिकाऱ्याने इन्कार केला, तोही लिहिला, बातमी संपली. कागद कसा मिळवायचा हे मला माहीतच नव्हतं आणि सांगणारंही कोणी नाही. शर्वरीताईंनी त्या नाल्याच्या भिंतीचं लिहिलंय ते तीनदा वाचलं. मला हेच शिकायचंय.

पैशाचं मात्र खरंच टेन्शन आहे. मी एनटी डी मधून आहे, त्याचं काही होतं का?

कोकणकडा

होतं की. मी स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलोय त्यामुळे नीट सांगतो.

सरकारी विभागातली फी मुळात हजारांत असते, त्यात सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर व्हीजेएनटीची (विमुक्त जाती-भटक्या जमाती, तुझी एनटी डी त्यातच) पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि फी माफी आहे. अर्ज सुटला की पहिल्या आठवड्यात भर, आधार बँकेला लिंक आहे का ते आत्ताच बघून घे, पैसे अडकतात ते तिथेच. राहण्याचं म्हणजे आधी समाजकल्याणच्या आणि विद्यापीठाच्या होस्टेलला अर्ज. तिथे नंबर नाही लागला तर अनुसूचित जातीच्या मुलांना जशी स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजार, तशीच ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना निघालीय. जागा जिल्ह्यागणिक ठरलेल्या असतात, जीआर डाउनलोड करून अटी एकेक करून वाच, हजेरीची अट असतेच.

पुणे विद्यापीठात कमवा व शिका योजना आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची, रोज ठरावीक तास काम आणि तासाप्रमाणे पैसे. मेसचा खर्च निघतो. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, खेड्यातल्या गरीब मुलांसाठीच, तिथे मुलाखत होते. हे सगळं एकदम नाही मिळत आणि पहिला हप्ता हातात यायला वर्ष संपत येतं, तेव्हा पहिले पाच-सहा महिने निघतील एवढी तजवीज घरून करून निघ. ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही आणि मग मुलं दिवाळीला गावी जातात ती परत येत नाहीत.

गिरगावकर_नीलिमा

मुंबईचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मुंबई विद्यापीठाच्या संज्ञापन व पत्रकारिता विभागात एकच एमए नाही, पत्रकारिता, जनसंपर्क, टीव्ही, इलेक्ट्रॉनिक मीडिया, फिल्म स्टडीज असे वेगवेगळे एमए आहेत. वातावरण इंग्रजी, वर्गात निम्मी मुलं बीएमएम किंवा आताच्या बीएएमएमसी या मास मीडियाच्या पदवीतून आलेली, त्यांना लेआउट-कॅमेरा आधीच येतो. राज्यशास्त्रवाल्याला विषयाची समज जास्त असते, त्यांना सफाई जास्त असते, दोघांनी एकमेकांचं घेतलं तर उत्तम. मुंबईतच देवनारला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये मीडिया अँड कल्चरल स्टडीजचं एमए आहे, डॉक्युमेंटरीकडे ओढा असेल तर ते बघ. बातमीदारीसाठी मी ते सुचवणार नाही.

मिझुरीकर

मी मूळची सांगलीची, अमेरिकेत मिझुरी विद्यापीठात जर्नालिझममध्ये मास्टर्स केलं. तेही सरकारी विद्यापीठच, १९०८ साली निघालेली तिथली पत्रकारितेची शाळा जगातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. मी तुलना करायला नाही लिहीत, एकच गोष्ट सांगायचीय.

तिथे वर्ग म्हणजेच न्यूजरूम असते. कोलंबिया मिझुरियन नावाचा गावाचा खरा पेपर आहे, तो विद्यार्थी काढतात, संपादक प्राध्यापक असतात. टीव्ही स्टेशनही विद्यापीठाच्या मालकीचं, एनबीसीशी जोडलेलं. सिटी कौन्सिलची मीटिंग रात्री उशिरा संपली तरी कॉपी त्याच रात्री द्यायची, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी गावातला माणूस फोन करून विचारतो. मार्कांपेक्षा त्या फोनची भीती जास्त. आपल्याकडच्या विद्यापीठांना हे अशक्य आहे का? पैसा लागतो हे मान्य, पण एका वॉर्डाची, एका तालुक्याची वेबसाइट चालवायला स्टुडिओ लागत नाही. मास्तरीणबाई, तुमच्या प्रायोगिक अंकाच्या मुद्द्याला म्हणूनच माझं जोरदार अनुमोदन, फक्त तो अंक विभागाच्या बाहेर लोकांनी वाचला पाहिजे.

मास्तरीण

अगदी मनातलं बोललात. आम्ही दोन वर्षांपासून तसा प्रयत्न करतोय, मुलं विद्यापीठाच्या आसपासच्या गावांतल्या ग्रामपंचायतींच्या बातम्या करतात आणि अंक त्या गावांत नेऊन वाटतात. पहिल्या अंकानंतर एका सरपंचांचा फोन आला, घरकुलांचा आकडा चुकलाय म्हणून. मुलं कागद घेऊन परत गेली, पडताळलं, आकडा मुलांचाच बरोबर होता. त्या दिवशी त्या पोरांच्या चालण्यातच फरक पडला!

डेस्कवरचा

नोकरीचं एक राहिलं. फक्त दैनिक आणि चॅनेल एवढंच डोळ्यासमोर ठेवू नको. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागात कंत्राटी संपादक, वृत्तनिवेदक लागतात, जिल्ह्यांत अंशकालीन वार्ताहर नेमतात. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकारी वगैरे पदं एमपीएससीतून भरतात, तिथे पत्रकारितेची पदवी किंवा पदविका आणि अनुभव दोन्ही मागतात, म्हणजे तुझ्या मामांचंही समाधान होईल. शिकवायचं मनात आलं तर नेट किंवा सेट, एमएला ५५ टक्के लागतात, राखीवला ५०. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७ हजार फेलोशिप, पीएचडी करता येते. मराठी वृत्तपत्रांवर कितीतरी काम व्हायचं बाकी आहे. १८३२ च्या दर्पणवर सगळे लिहितात, पण जिल्हा दैनिकांचं अर्थकारण, म्हणजे तू पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंस ते जाहिरातीचं कमिशन आणि बातमी, यावर कोणी तालुक्यात बसून अभ्यास केलेला मला तरी वाचायला मिळालेला नाही. तुझा प्रबंधाचा विषय तुझ्याकडे आधीच आहे.

काळाचौकी

हे मात्र मान्य. प्रबंध असा असेल तर मीही म्हणेन जा. फक्त एक कर, पहिल्या दिवसापासून मोबाइलवर व्हिडिओ एडिट करायला शीक, विभाग शिकवो न शिकवो. मी मदत करीन, विपू कर, म्हणजे माझ्या विचारपुशीत निरोप टाक.

बालाघाट

काल घरी बसून बोलणं झालं. वडिलांना शिष्यवृत्तीचा जीआर प्रिंट काढून दाखवला, ते तयार झाले. पुण्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरतोय, नांदेडच्या माध्यमशास्त्र संकुलाचाही भरतोय कारण ते घरापासून जवळ. दोन्हीकडे जाऊन अंक मागणार आहे, मास्तरीण मॅडमनी सांगितलंय तसं.

प्रवेश व्हायला अजून वेळ आहे, तोवर ते टँकरचं प्रकरण माहिती अधिकारात टाकावं म्हणतोय. आमच्या तालुका प्रतिनिधींना विचारलं तर म्हणाले कशाला त्रास. अर्ज कसा लिहू?

डेस्कवरचा

टाकच. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, जास्त झाला की तेवढ्यावरून परत करतात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. 'टँकरचा भ्रष्टाचार झाला का' असं विचारू नको, कारण ते माहिती देतात, मत देत नाहीत. कागदाचं नाव घेऊन माग. पंचायत समितीच्या जन माहिती अधिकाऱ्याला लिही, अमुक गावाच्या मंजूर खेपांचा आदेश, त्या महिन्यांचं टँकरचं लॉगबुक, जीपीएसचा अहवाल आणि ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या प्रती. लॉगबुकवर गावातल्या कोणाच्या तरी सह्या असतात, प्रती आल्या की त्या सह्या घेऊन त्या माणसांच्याच घरी जा आणि ही तुमचीच का विचार. पानाला २ रुपये पडतील. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. पोचपावती घेतल्याशिवाय अर्ज खिडकीत सोडू नकोस.

शर्वरी_के

आणि लॉगबुकमधला किलोमीटरचा रकाना बघ. उद्भव विहिरीपासून, म्हणजे टँकर जिथे भरतो तिथून, गावापर्यंतचं अंतर तुला माहितीये, जाऊन-येऊन किती होतं ते आधी स्वतः गाडीवरून मोजून ठेव. चार खेपा झाल्या असतील तर रीडिंग तेवढं पुढे सरकलेलं दिसलं पाहिजे.